ह्या गाडीला बँकर लागत नाही का?

मराठी माणसाला मालिका बंद पडण्याचं दुःख ठाऊक नाही. त्याला ती बंद न पडण्याचं दुःख ठाऊक आहे. 'चार दिवस सासूचे' 2001 साली सुरू झाली ती 2013 पर्यंत चालली. तेवढ्या अवधीत आमच्या बिल्डिंगमधल्या दोन सुना सासवा झाल्या. अशा दणकट परंपरेत वाढूनही मी जीव लावला तो एका अमेरिकन मालिकेला, जी 20 सप्टेंबर 2002 ला सुरू झाली आणि नाताळाच्या आधीच गुंडाळली गेली. नाव 'फायरफ्लाय'. 14 भाग तयार होते, दाखवले 11.

गोष्ट थोडक्यात सांगतो. (बायको म्हणते, मला थोडक्यात सांगता येत नाही. बघू.) सन 2517. माणसं पृथ्वी सोडून दुसऱ्याच सूर्याभोवतीच्या ग्रहांवर राहायला गेली आहेत. मध्ये यादवी झाली, केंद्र सरकार जिंकलं, आणि हरलेल्या बाजूचा एक सार्जंट, माल्कम रेनॉल्ड्स, जुनाट मालवाहू यान घेऊन मिळेल ते भाडं मारत हिंडतो आहे. चोरीचा माल, औषधं, एकदा तर चक्क गुरं. ज्या दरीत तो लढाई हरला तिचंच नाव त्यानं यानाला दिलं, 'सेरेनिटी'. मालिकेच्या पहिल्या भागाचं नावही 'सेरेनिटी'. पुढे सिनेमा आला, तोही 'सेरेनिटी'च. हे तीन ठिकाणी बसवलेलं एकच नाव पुढे मला महागात पडणार आहे, तेव्हा वाचकांनी ध्यानात ठेवावं.

मालिका लिहिली-बसवली जॉस वेडन यानं. पहिला भाग दोन तासांचा. फॉक्स वाहिनीला तो संथ वाटला. म्हणून वेडन आणि टिम मिनीअर यांनी एका शनिवार-रविवारात आगगाडीवरच्या दरोड्याचा नवा भाग लिहून काढला आणि वाहिनीनं तोच पहिला म्हणून दाखवला. बाकीचे भागही मागेपुढे. वेळ शुक्रवार रात्रीची, त्यात मध्येच बेसबॉलचे सामने. खरा पहिला भाग दाखवला तो सगळ्यात शेवटी, 20 डिसेंबरला. म्हणजे पात्रांची ओळख करून दिली ती निरोपाच्या रात्री! या एका अन्यायावर लग्न ठरण्याआधी मी बायकोशी अख्खी संध्याकाळ बोललो होतो. तरी तिनं होकार दिला, यावरून तिच्या माहेरच्या, उंबरमाळीच्या माणसांची सहनशक्ती समजून घ्यावी.

पुढचा भाग मात्र गोड आहे. डिसेंबर 2003 मध्ये डीव्हीडीचा संच आला आणि इतका खपला, चाहत्यांनी इतका गलका केला, की युनिव्हर्सल या दुसऱ्याच स्टुडिओनं सिनेमाला पैसे दिले. तेच नट, तेच यान. 30 सप्टेंबर 2005 ला 'सेरेनिटी' लागला. बंद पडलेल्या मालिकेचा सिनेमा होणं अगदीच नवलाचं नव्हे. 'स्टार ट्रेक' 1969 ला बंद झाली आणि 1979 ला पडद्यावर आली. पण तिच्या पदरी 79 भाग होते, हिच्या पदरी 14. आपल्याकडे 1998 मध्ये दूरदर्शनवर मिलिंद सोमणनं 'कॅप्टन व्योम' होऊन अंतराळ गाजवलं, पण त्याच्यासाठी कुणी असा हट्ट धरल्याचं मला आठवत नाही. आपण मालिका संपली की हात धुऊन जेवायला बसतो. 'सेरेनिटी'ला खर्च आला सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलर आणि जगभरच्या तिकीटबारीवर जमले 4 कोटींच्या आसपास. त्यातला थिएटरवाल्यांचा वाटा गेला की काय उरतं ते किराणा दुकानदारही सांगेल. तिसरं काही निघालं नाही. पण जून 2007 मध्ये स्टीव्हन स्वान्सन नावाच्या अंतराळवीरानं अटलांटिस यानातून या डीव्हीडी थेट अंतराळ स्थानकावर नेल्या.

इथे माझं डोकं फिरलं. जो सिनेमा शेकडो किलोमीटर उंच आभाळात जाऊ शकतो तो सीएसएमटीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या माझ्या सासुरवाडीला का जाऊ नये?

उंबरमाळी म्हणजे खर्डीच्या पुढचं आणि कसाऱ्याच्या अलीकडचं स्टेशन, तालुका शहापूर. इथे लोकल वर्षानुवर्षं थांबत होती, माणसं चढत-उतरत होती, पण तिकिटाच्या खिडकीला या नावाचं गावच माहीत नव्हतं. तिकीट काढायचं खर्डीचं, नाहीतर कसाऱ्याचं. उंबरमाळीचं तिकीट मिळायला 2021 उजाडलं. माझं लग्न त्याच्या आधीचं, आणि हा प्रकारही आधीचाच. म्हणजे वाहिनीनं न मानलेली मालिका मी खिडकीनं न मानलेल्या स्टेशनात घेऊन चाललो होतो. हा योग मला त्या वेळी फार थोर वाटला. लोकलमध्ये मी तो बायकोला समजावून सांगितला. आसनगावला ती उठून लेडीज डब्यात गेली.

एक गोष्ट सांगायची राहिली : कोट. या मालिकेचे चाहते स्वतःला 'ब्राउनकोट' म्हणवतात, कारण हरलेल्या बाजूचे सैनिक तपकिरी लांब कोट घालत. मी तसा कोट उल्हासनगरात शिवून घेतला होता, गुडघ्याखालपर्यंत, जाड कापडाचा. महिना भाद्रपद. कसाऱ्याच्या बाजूनं येणारा पाऊस काय असतो हे ज्यानं पाहिलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. गाडीतून उतरलो, कोटाचे पंख झाले, आणि फलाटावर टिवल्याबावल्या करत बसलेली पोरं माझ्याकडे एक नजर टाकून रूळ ओलांडून पसार झाली.

न्यायला आलेला मेव्हणा म्हणाला, "दाजी, टीसी समजली तुम्हाला."

"इथलं तिकीटच निघत नाही, तर टीसी काय करणार?"

"ते खरं हाय. पण कोट बघितल्यावर एवढा इचार कोण करतो?"

घरी सासूबाईंनी कोट चुलीवरच्या दांडीला वाळत घातला. रात्रीपर्यंत त्याला ओल्या बोकडाचा वास यायला लागला. जावयाचा कोट म्हणून कुणी बोललं नाही. एक चुलत मेव्हणा मात्र दोनदा उठून गोठ्याचं दार लागलंय का ते बघून आला.

रात्र गौरी जागवायची होती. जेवणं आटपून फेर धरायला बायका जमायला मध्ये दोन-अडीच तास मोकळे असतात, ते मी हेरले होते. मेव्हण्याच्या दोस्ताचा साउंड सर्व्हिसचा धंदा, त्याच्याकडून छोटा प्रोजेक्टर आला. पडदा म्हणून सासूबाईंनी ट्रंकेतून चादर काढली. तीही दोन चादरी जोडून केलेली. जोड बरोब्बर मधून गेलेला. त्यामुळे पडद्याच्या मध्यावर जो कुणी उभा राही त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा अर्धा बोट वर दिसे. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात बुरशीचा एक गोल डाग होता. पोरांनी तो ग्रह आहे असं धरलं, आणि तो ग्रह रात्रभर जागचा हलला नाही.

चौदा भाग आणि सिनेमा, सगळं एका पेन ड्राइव्हवर उतरवून आणलं होतं. बेत असा : आधी खरा पहिला भाग, मग जमला तर सिनेमा. जो क्रम फॉक्सनं बिघडवला तो उंबरमाळीत सरळ करायचा. प्रेक्षक म्हणून पुढे पोरं, मधे बायका, दाराशी पुरुष, आणि भिंतीला टेकून माझे सासरे. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, गँगमन. उमेदीची सगळी वर्षं कसारा घाटात रूळ तपासण्यात गेली. त्यांच्या शेजारी चुलतआजेसासू, जिला सगळं गाव आजी म्हणतं आणि जिच्या शब्दाला घरातला गणपतीही मान देत असावा.

सुरुवातीला मी पाच मिनिटं प्रस्तावना करायची ठरवलं. ती लांबली. यानातून गुरं नेतात असं म्हटल्याबरोबर मागून प्रश्न आला, "म्हशाच्या बाजाराला का?" मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेत पौष पौर्णिमेला गुरांचा मोठा बाजार भरतो. बैल वाहून न्यायचे तर म्हशालाच, हे तिथं इतकं उघड होतं की मी हो म्हणून टाकलं. मग त्यांना पाणी कोण पाजतं, शेण कुठे टाकतात, यावर चर्चा झाली. शेण अंतराळात टाकलं तर खाली पडणार नाही, हे मी शास्त्रीयदृष्ट्या समजावलं. आजी म्हणाली, "मंग वरतीच साठत असंल. तरीच पाऊस असा पडतो."

सासऱ्यांना एकच शंका होती. "जावई, ही गाडी एवढी सरळ वर चढते, तिला बँकर लागत नाही का?"

कसाऱ्याहून इगतपुरीकडचा चढ 37 फुटांमागे एक फूट असा आहे. 1865 साली तो मार्ग सुरू झाला, आणि अजूनही बहुतेक गाड्यांना कसाऱ्यात मागून जादा इंजिनं लावून वर ढकलतात. तीच ती बँकर. ज्या माणसानं हयातभर ती ढकलाढकल पाहिली त्याला एकट्या इंजिनावर आभाळात जाणारं वाहन म्हणजे थाप वाटणारच. मी गुरुत्वाकर्षणावर बोलू लागलो. "लागत नाही म्हणा ना," सासरे म्हणाले, आणि त्यांनी तंबाखूची चंची उघडली.

यादीत 'सेरेनिटी' दोनदा होतं. मी एक दाबलं. पडद्यावर लढाई सुरू व्हायला हवी होती. आली ती शाळा. एक मास्तरीण, वर्गात पोरं, त्यात एक मुलगी. मला दरदरून घाम फुटला. हा सिनेमा! आधी शेवट! बंद करायला गेलो तर रिमोट चालेना, आणि तोवर पुढच्या पोरांनी ओरडून मला खाली बसवलं होतं. जावयाला खाली बसवण्याचा अधिकार पोरांनाच असतो.

आणि मग पाऊस आला. पत्र्याचं घर. पत्र्यावर शहापुरी पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचं शिंकणंसुद्धा फक्त दिसतं. या मालिकेची एक ख्याती अशी की तिच्यात अंतराळातल्या दृश्यांना आवाज नाही, कारण पोकळीत आवाज जात नाही. उंबरमाळीत तर जमिनीवरच्या दृश्यांनाही आवाज उरला नाही. इंग्रजी कुणाला कळणार नव्हतंच, आता ऐकूही येणार नव्हतं. मी पडद्याशेजारी उभा राहून बोंबलून मराठीत सांगायला लागलो. कॅप्टन काय म्हणतो, डॉक्टर काय म्हणतो, आणि मधूनमधून, फॉक्स वाहिनीनं काय केलं. हा शेवटचा मजकूर वगळावा असं बायकोनं खुणेनं सुचवलं.

पण सिनेमा चढला, हे कबूल करायला हवं. यान उतरताना त्याचा एक पत्रा उडून जातो, तेव्हा सगळ्या पुरुषांनी एकदम खर्डी-कसारा चालणाऱ्या एका ठरावीक जीपचं नाव घेतलं. बँकेवर दरोडा, मागे लागलेले माणूसखाऊ रीव्हर, उघड्या गाडीतून पाठलाग. पोरं उभी राहिली. यान चालवणारा वॉश हा तर सगळ्यांचा लाडका झाला. तो सैनिक नाही, हाणामारी करत नाही, नुसती गाडी हाकतो आणि विनोद करतो. घरटी एक ड्रायव्हर असलेल्या गावात असा माणूस हिरो होणारच.

मधे एक जागा अशी येते की तिथे माझी मोठी परीक्षा होती. मिरांडा नावाच्या ग्रहावर सरकारनं हवेत एक औषध सोडलं, लोक शांत व्हावेत म्हणून. लोक इतके शांत झाले की काम सोडलं, खाणं सोडलं, आडवे पडले ते मेले. तीन कोटी माणसं. जी थोडी उरली ती उलटी पिसाळली, तेच हे रीव्हर. आणि सरकारनं तो ग्रहच नकाशावरून पुसला. हे सगळं पावसात ओरडून कसं पोचवायचं? मी श्वास घेतला आणि म्हटलं, "सरकारनं लोकांच्या भल्यासाठी..."

"योजना आणली," सासरे म्हणाले.

संपलं. सगळ्यांना कळलं. ज्या तालुक्यात तानसा, भातसा आणि वैतरणेची धरणं आहेत, जिथलं पाणी रात्रंदिवस मुंबईला जातं आणि मे महिन्यात जिथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत ठेवावे लागतात, तिथे भल्यासाठी आणलेल्या गोष्टीची कथा फोडून सांगावी लागत नाही. मी या सिनेमावर बरीच इंग्रजी समीक्षा वाचली आहे. दोन शब्दांत कुणी आटपलेलं नाही.

शेवटाकडे वॉश मोडकंतोडकं यान कसंबसं खाली आणतो, घासत, फरफटत. थांबतं. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. आणि पुढच्याच क्षणी रीव्हरांच्या यानातून एक मोठा भाला काच फोडून आत येतो, वॉशच्या छातीत. खल्लास. अमेरिकेत यावर चाहते अजून रुसलेले आहेत. उंबरमाळीत पाऊस असूनही शांतता पडली ती ऐकू आली.

"मारला कशाला त्याला?" आजी पडद्याला नाही, मला विचारत होती. "गाडी तर बराबर उतरवली होती त्यानं."

"आजी, तो युद्धात..."

"गौरीच्या राती मेल्याचं दाखवतात? पाव्हणं तुम्ही शिकलेलं ना?"

आणि लाइट गेली.

पुढचा वेळ अंधारात गेला आणि तो मयताच्या घरासारखा गेला. वॉशच्या बायकोचं आता कसं होणार, पोरबाळ आहे का, कंपनीकडून काही मिळेल का, याची हलक्या आवाजात विचारपूस झाली. मेव्हण्यानं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की आजी एकदा बिनसली की वर्षभर बोलत नाही. कोटाचा वास अंधारात अधिक येत होता.

लाइट आली. प्रोजेक्टरला आधीचं काही आठवत नव्हतं. मी यादीतलं 'सेरेनिटी' दाबलं, आणि ते दुसरं निघालं. लढाई. दरी. हरलेले सैनिक. माझा खरा, पवित्र, पहिला भाग! मी "हे आधीचं आहे, थांबा" म्हणेपर्यंत पडद्यावर यानाची केबिन आली आणि तिच्यात वॉश बसलेला, समोर प्लास्टिकचे डायनोसॉर मांडून त्यांच्यात भांडण लावून खेळणारा. हे त्याचं मालिकेतलं पहिलंच दर्शन.

"जित्ता हाय!" कुणीतरी किंचाळलं. टाळ्या. आजी पुढे सरकून बसली. पोरं उड्या मारू लागली.

मी हात जोडून समजावलं. हे सहा-आठ महिने आधीचं आहे. अजून तो मरायचा आहे. आत्ता जे पाहिलं ते नंतरचं. ज्या मालिकेसाठी अमेरिकेतल्या माणसांनी पत्रं लिहिली, पैसे काढून वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तिचा क्रम... "अहो, गप्प बसा ना," बायको म्हणाली. "बरा झालाय तो. बघू दे त्यांना."

तरी मला आशा होती. पण त्या भागात नेमकं असं आहे की यानावरची मेकॅनिक पोरगी, केली, हिला गोळी लागते. डॉक्टर धडपड करतो. नंतर कॅप्टन गंभीर चेहऱ्यानं डॉक्टरला सांगतो की ती गेली. डॉक्टर धावत जाऊन बघतो तर ती टकटकीत बसून हसते आहे, आणि इकडे कॅप्टन आणि त्याची माणसं पोट धरून हसत आहेत.

आजीनं मांडीवर थाप मारली. "बघ! तो कप्तानच मस्करा हाय. सगळ्यांना मेला मेला म्हणून सांगतो. त्या डायवरचंही तसंच केलं असंल!"

यावर पुरावा म्हणून माझ्याकडे काही नव्हतं. होता तो सिनेमाचा शेवटचा भाग, आणि तो दाखवायला लागलो तेव्हा ढोलकी वाजली, चादर सोडवून घडी घातली गेली आणि बायका फेराला उभ्या राहिल्या. रद्द झालेल्या मालिकेचा सिनेमा उंबरमाळीत शेवटच्या अर्ध्या तासाआधी रद्द झाला. सासरे तेवढे उठता उठता म्हणाले, "बँकर लावली असती तर असा आपटला नसता."

सिनेमाची गोष्ट आता त्या बाजूला ठरून गेली आहे : डायवर वाचला, कप्तान मस्करी करत होता, आणि सरकारनं योजना आणली होती. मी कधी गेलो की आजी त्याचं बरं चाललंय का ते विचारते. मी "झकास" म्हणतो.

'फायरफ्लाय' पाहणार असाल तर आधी 14 भाग ठरल्या क्रमानं पाहा आणि मग 'सेरेनिटी' सिनेमा. दुसरा कुठलाही क्रम मला मान्य नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर आधी सिनेमा लावा, भाला आला की बंद करा, आणि मग पहिला भाग सुरू करा. कोट घालू नका.